बोअरचं बिल मिळतं, बोअरचा कागद कुठे आहे?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या रानात बोअर आहे, किंवा या उन्हाळ्यात घ्यायचा विचार चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. सरपंच, ग्रामसेवक आणि जिल्हा परिषदेत बसणाऱ्या मित्रांनी तर वाचावीच.

आपल्याकडे बोअर मारून झाला की शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. बिल. त्यावर एकूण फूट, केसिंगचे फूट, दर आणि रक्कम एवढंच असतं. मागच्या काही महिन्यांत मी आमच्या तालुक्यातली अशी बरीच बिलं मागून मागून पाहिली. काही तर हाताने लिहिलेली, शिक्का नसलेली. पण एकाही बिलावर पाणी किती फुटावर लागलं, कुठल्या खडकात लागलं, याची एक ओळ नव्हती. पाचशे फूट जमीन फोडली, लाखाच्या आसपास पैसे गेले, आणि त्या पाचशे फुटांत काय काय होतं याचा पुरावा म्हणून उरला तो भोकाभोवतीचा चुऱ्याचा ढीग. तोही पहिल्या पावसात वाहून जातो.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक बोअरसोबत थरांची नोंद असलेला एक पानी कागद बंधनकारक करा. त्याची एक प्रत शेतकऱ्याला, एक ग्रामपंचायतीला. आणि ग्रामपंचायतीतली प्रत कुणालाही पाहता आली पाहिजे.

यात काय एवढं, असं वाटेल. ते समजायला जरा वाट वाकडी करून तेलवाल्यांकडे जावं लागेल. जमिनीखालचे पातळ थर वाचायची विद्या त्यांनी पैसे मोजून शिकलेली आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, भूशास्त्राचा नाही. पण हे गणित बारावीच्या पोरालाही कळेल इतकं सोपं आहे, म्हणून मांडतो.

५ सप्टेंबर १९२७. फ्रान्सच्या आल्सास भागात पेशेलब्रॉन नावाचं तेलक्षेत्र होतं. तिथल्या एका विहिरीत श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी केबलला विजेची साधनं बांधून खाली सोडली. ठरावीक अंतरावर थांबायचं, खडकाचा विद्युतरोध मोजायचा, कागदावर टिंब मांडायचं, पुन्हा पुढे. ती टिंबं जोडली आणि विहिरीचा पहिला विजेचा ‘लॉग’ तयार झाला. लॉग म्हणजे नोंद, जहाजावर लॉगबुक असतं तशी. खडक वर न काढता खाली कोणता थर कुठे आहे ते कागदावर आलं.

पुढे १९४२ मध्ये गस आर्ची नावाच्या अमेरिकन अभियंत्याने त्या नोंदीवरून खडकाच्या छिद्रांत पाणी किती आणि तेल किती हे काढायचं सूत्र दिलं. मूळ कल्पना सोपी. खाली असलेलं खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. म्हणजे सच्छिद्र खडकाचा रोध जास्त आला तर तेलाची शक्यता, कमी आला तर पाण्याची. आजही जगभर याच पायावर हिशेब चालतो.

आता यातली गोम बघा. खडक जाडजूड, एकसारखा असेल तर हे सूत्र चांगलं चालतं. पण खाली अनेक ठिकाणी वाळूचा खडक आणि शेल, म्हणजे चिकणमाती दबून झालेला खडक, यांचे पातळ पातळ थर एकावर एक असतात. पत्त्यांच्या कॅटासारखे. एकेक थर काही सेंटीमीटरचा. आणि खोलवर वाचणारी जुनी विजेची साधनं एका वेळी पाच-सात फुटांची मिळून एकच किंमत देतात. वेगळा थर त्यांना दिसतच नाही.

गणित करू. समजा अर्धे थर तेलाने भरलेल्या वाळूचे आहेत, रोध २० ओहम-मीटर. अर्धे शेलचे, रोध १ ओहम-मीटर. सरासरी किती? कुणीही म्हणेल साडेदहा. पण साधन साडेदहा दाखवत नाही. ते १.९ दाखवतं. कारण उभ्या विहिरीत नेहमीच्या साधनाची वीज थरांना समांतर पळते, आणि पाटाचं पाणी जसं उतार सापडेल तिकडून पळतं, तशी वीज सोप्या वाटेने, म्हणजे शेलमधून, निघून जाते. वाळूतलं तेल ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहतं आणि त्याचं कुणी ऐकत नाही.

हा १.९ आकडा आर्चीच्या सूत्रात घाला. वाळूत छिद्रं २५ टक्के आणि खाऱ्या पाण्याचा रोध ०.१ धरा. उत्तर येतं: छिद्रांत ९२ टक्के पाणी. म्हणजे विहीर बंद करा, पुढे चला. पण वाळूचा खरा रोध, २०, घातला तर उत्तर येतं: पाणी २८ टक्के, बाकीचं ७२ टक्के तेल. खडक तोच, विहीर तीच. एका हिशेबात माती, दुसऱ्यात सोनं.

असे थर तेल कंपन्यांनी वर्षानुवर्षं ‘पाणी आहे’ म्हणून ओलांडले. नंतर लक्षात आलं. मग त्यांनी काय केलं? १९७५ मध्ये थॉमस आणि स्टीबर या दोघांनी, शेल वाळूच्या कणांत मिसळलेलं आहे की वेगळ्या थरांत आहे, हे ओळखायची पद्धत मांडली. पुढे विहिरीच्या भिंतीची अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत बारीक प्रतिमा घेणारी साधनं आली. २००० नंतर, थरांना समांतर रोध वेगळा आणि थरांना आडवा छेदून जाणारा रोध वेगळा मोजणारी साधनं आली. वरच्या उदाहरणात आडवा छेदणारा रोध साडेदहा येतो. १.९ आणि साडेदहा यांत एवढी तफावत दिसली की जाणकार लगेच ओळखतो, इथे एकसारखा खडक नाही, पातळ थर आहेत, जरा थांबा.

आपल्याच समुद्रात बघा. बॉम्बे हायचं तेल १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगवरून खोदलेल्या विहिरीत सापडलं, हे आपण शाळेत शिकलो. तिथला मुख्य तेलसाठा चुनखडीत आहे, पण ती चुनखडी सलग नाही. मध्ये मध्ये शेलच्या पट्ट्या आहेत. म्हणून तिथल्या प्रत्येक थराला स्वतंत्र नाव आहे आणि कुठल्या थरातून किती काढायचं, कुठल्या थरात पाणी सोडायचं, याचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

तेलवाले यातून शिकले ते असं: सरासरीवर विसंबू नका, थर मोजा, आणि जे मोजलं ते लिहून ठेवा.

सरासरी काय करते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पीकविम्यात मंडळाची सरासरी निघते आणि ज्याच्या रानात खरंच काही उरलं नाही तो कोरडा राहतो. ढगफुटी एका शिवारात होते, पर्जन्यमापक दुसऱ्या गावात असतो. जमिनीखालीही नेमकं हेच चाललंय. फक्त तिथलं दिसत नाही, म्हणून त्यावर मोर्चा निघत नाही.

आता आपल्या खडकाकडे येऊ. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टने, आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले, त्यातून हा बनला. हा एकसंध दगड नाही, थरांची उतरंड आहे. प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट आणि कठीण. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, ज्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन लोटांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा थर. तो काही सेंटीमीटरपासून दोन-चार मीटरपर्यंत.

पाणी कुठे असतं? वरचा मुरूम आणि झिजलेला खडक सोडला, तर खाली ते मुख्यतः मांजऱ्यात, भेगांत, आणि दोन लोटांच्या सांध्याजवळ असतं. घट्ट काळ्या पाषाणात भेग नसेल तर जवळपास काही नाही. म्हणजे पाचशे फुटांच्या बोअरमध्ये कामाचे फूट अनेकदा दहा-वीसच असतात. बाकीचे साडेचारशे फूट आपण पैसे देऊन नुसता दगड दळतो.

पातळ थराची किंमत काय असते, याचं एक उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधण घेतलं. त्यात वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, मग फक्त ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली २७१ मीटर जुना मूळ खडक निघाला. ६१७ मध्ये ८ मीटर. काळजीने नोंद ठेवली म्हणून तो थर आज अभ्यासकांना माहीत आहे. कोयना भागात २०११ नंतर भूकंपाच्या अभ्यासासाठी नऊ विंधणं घेतली. तिथे बेसाल्टची जाडी एका ठिकाणी ४१२ मीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १,२५१ मीटर भरली. आणि बेसाल्टखाली तो गाळाचा थर कोयनेला मिळालाच नाही. एका जागेचा अंदाज दुसऱ्या जागेला लावता येत नाही तो असा.

आता कुणी म्हणेल, आम्ही तर आधी मशीनने पाणी बघून घेतो. बघा ना, जरूर बघा. जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि रोध मोजायचा ही पद्धत शास्त्रीय आहे, भूजल खात्याचे भूवैज्ञानिकही ती वापरतात. पण तिची मर्यादा माहीत हवी. वरून मोजताना १ मीटर जाडीचा आणि १० ओहम-मीटर रोधाचा थर, आणि २ मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर, आजूबाजूला कठीण खडक असेल तर जवळपास सारखेच दिसतात. शिवाय थर जितका खोल, तितका तो जाड असावा लागतो, तरच वर त्याची चाहूल लागते. तीनशे फुटांवरचा चार फुटांचा मांजऱ्या वरून अचूक सांगतो असं कुणी छातीठोक म्हणत असेल, तर तो नारळवाला असो की मशीनवाला, त्याला एवढंच विचारा, ‘साहेब, मागच्या दहा बोअरचा कागद दाखवा.’

कागद नसतो. प्रश्न तिथेच आहे.

गंमत अशी की खालची खरी माहिती प्रत्येक बोअरच्या वेळी वर येतच असते. हॅमर चालू असतो, कॉम्प्रेसरची हवा चुरा वर फेकत असते. चुऱ्याचा रंग बदलतो. काळा असतो, करडा होतो, मध्येच लाल येतो, पांढऱ्या-हिरव्या खड्यांचे कण येतात. हॅमरचा आवाज बदलतो, रॉड उतरायचा वेग बदलतो. गाडीवरचा ऑपरेटर हे सगळं ओळखतो. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या तमिळनाडू, कर्नाटक पासिंगच्या. तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे हे गाव तर बोअरच्या गाड्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. त्या माणसांनी आयुष्यात शेकडो गावांची जमीन फोडलेली असते. त्यांच्या डोक्यात जेवढं ज्ञान आहे तेवढं आपल्या एखाद्या कार्यालयात नसेल. पण रात्रीत काम संपतं, पहाटे गाडी पुढच्या गावाला जाते, आणि ज्ञानही गाडीबरोबर जातं.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने सात वर्षांत तीन बोअर घेतले. पाच एकराचा माणूस. मी विचारलं, ‘काका, पहिल्या बोअरला पाणी कितीवर लागलं होतं?’ म्हणाले, ‘असंल सव्वादोनशे.’ शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, ‘नाय दादा, तीनशेच्या खाली लागलं होतं, मी होतो ना तिथं.’ दोघं बराच वेळ वाद घालत बसले. शेवटी काका म्हणाले, ‘फूट किती झालं ते बिलात हाय बघा. पाण्याचं कोण लिहितंय?’ तिन्ही बोअर एकाच शेतात, दोन-तीनशे पावलांच्या अंतरात. तिसरा कोरडा गेला. त्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही.

तेलाच्या विहिरीत कंपनीचं नुकसान झालं तर ते ताळेबंदात जातं. इथे ते सोसायटीच्या थकबाकीत जातं, बायकोच्या गळ्यातून जातं.

बरं, एका बोअरच्या नोंदीने फार काही कळत नाही हे मान्य. पण एका गावच्या चाळीस-पन्नास नोंदी एकत्र ठेवल्या तर? उदाहरण देतो. ‘अ’च्या शेताची समुद्रसपाटीपासूनची उंची २,००० फूट, पाणी लागलं २०० फुटांवर. ‘ब’चं शेत जरा चढावर, उंची २,०४० फूट, पाणी २४० फुटांवर. गावात चर्चा काय होणार? ‘ब’च्या जमिनीत पाणी खोल गेलं. पण वजाबाकी करून बघा. दोघांचंही पाणी १,८०० फूट उंचीवर आहे. तो एकच थर असायची दाट शक्यता आहे. आता ‘क’चं शेत खाली ओढ्याच्या अंगाला, उंची १,९६० फूट. त्याला साधारण १६० फुटांवर थांबून नीट बघायला हवं. पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो ‘अ’ला २०० आणि ‘ब’ला २४० लागलं म्हणून ‘खोल जाऊ, भरपूर लागेल’ म्हणतो आणि ५०० फूट मारतो. वरचे ३४० फूट कशासाठी?

थर मध्येच संपू शकतो, उतरता असू शकतो, भेगा कशाही असू शकतात. म्हणून कागद म्हणजे पाण्याची हमी नाही. पण अंधारात चाचपडणं आणि कंदील घेऊन चालणं यात फरक आहेच ना.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ‘अ’ आणि ‘ब’ एकाच थरातून उपसतात हे कागदावर आलं, की ‘माझं पाणी, माझा बोअर’ हे वाक्य जरा अडखळतं. तो थर दोघांचा आहे, कदाचित अख्ख्या शिवाराचा आहे. वरच्या थरातलं पाणी अडवून धरणारा घट्ट थर एखाद्या खोल बोअरने फोडला आणि केसिंग नीट नसेल, तर वरचं पाणी खाली झिरपून शेजारच्या जुन्या विहिरीची पातळी उतरू शकते. मग बांधावर भांडणं होतात. आज ती भांडणं शिव्यांवर चालतात, कारण पुरावा कुणाकडेच नसतो.

सरकारी मोजणीचं काय? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या राज्यात १९७० च्या दशकापासून काम करते आहे, आणि तिचं काम कमी लेखायचं कारण नाही. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. राज्याचे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडून भूजलाचा ताळेबंद काढला जातो. उपसा ७० टक्क्यांपर्यंत असेल तर पाणलोट सुरक्षित, १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित. पण या निरीक्षण विहिरी मुख्यतः साध्या, उथळ विहिरी आहेत. त्या वरच्या थराची नाडी सांगतात. तीनशे-चारशे फुटांवरच्या ज्या पातळ थरांवर आज बागा आणि ऊस उभे आहेत, त्यांच्याबद्दल त्या फार बोलत नाहीत. आणि ताळेबंद निघतो अख्ख्या पाणलोटाचा. म्हणजे पुन्हा सरासरी. पाणलोट ‘सुरक्षित’ आणि वाडीवर मार्चपासून टँकर, हे चित्र मी बातमीदार म्हणून अनेकदा पाहिलंय. अधिकारी खोटं बोलत नसतो. त्याच्या हातातलं साधन पाच-सात फुटांची एकच किंमत देतं, एवढंच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, फोटो छापून आले. त्याच काळात मराठवाड्यात रात्रंदिवस बोअरच्या गाड्या चालू होत्या. त्या एका दुष्काळात जेवढी भोकं पाडली गेली, त्या सगळ्यांची नोंद झाली असती, तर आज या भागाच्या जमिनीखालचा नकाशा आपल्याकडे असता. शेतकऱ्यांच्या पैशाने केलेलं तेवढं मोठं सर्वेक्षण आपण फुकट घालवलं.

कायदा आहे का? आहे. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाला संरक्षण देणारा १९९३ चा कायदा होता. नंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय आणि तिच्यावर निर्बंधांची तरतूद आहे. बोअरच्या गाड्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. आपल्या तालुक्यात दोनशे फुटांच्या आत थांबलेला बोअर शोधून दाखवा आणि मग कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल बोलू.

आता तुलना बघा. या देशात तेलासाठी कुणीही विहीर खोदली, देशी कंपनी असो की परदेशी, तिचे लॉग सरकारला द्यावे लागतात. ती माहिती देशाची मानली जाते. २०१७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय डेटा भांडारही सुरू झालं. म्हणजे जे आपण जाळतो त्याची फुटाफुटाची नोंद देशाकडे आहे. जे आपण पितो त्याची नाही.

पाण्याच्या विहिरीचं असं कुठे होतं का? होतं. ब्रिटनमध्ये १९४५ च्या कायद्यापासून नियम आहे, पाण्यासाठी ५० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर खोदणाऱ्याने थरांची नोंद ठेवायची आणि सरकारी भूवैज्ञानिक संस्थेला पाठवायची. आज त्यातल्या असंख्य नोंदी घरबसल्या, फुकट बघता येतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात विहीर खोदणाऱ्याला काम संपल्यावर ६० दिवसांत अहवाल द्यावा लागतो. तिथेही हे अहवाल आधी लोकांना बघायला मिळत नव्हते. मोठा दुष्काळ पडला, ओरड झाली, आणि २०१५ मध्ये ते खुले झाले. आपल्याकडे दुष्काळ कमी पडले का?

मी हे बोललो की तीन आक्षेप ठरलेले येतात.

पहिला आक्षेप गाडीवाल्यांचा: ‘आमच्याकडे वेळ कुठाय?’ रॉड संपतो, नवा जोडायला थोडा वेळ लागतोच. तेवढ्यात चिमूटभर चुरा पिशवीत टाकून त्यावर फूट लिहायला किती वेळ लागतो? पाणी कितीवर लागलं आणि किती इंच आलं, हे ते तसेही शेतकऱ्याला ओरडून सांगतातच. सांगतात तेच लिहायचं.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो मी हलका समजत नाही: ‘कागद दिला की उद्या त्यावर कर लावतील, बोअर बंद करतील.’ भीती खरी आहे. सरकारला माहिती देऊन आपलं भलं झालं, असा अनुभव गावात थोडाच आहे. म्हणून नियम करताना त्यात स्वच्छ लिहा, की ही नोंद थरांची आहे, उपशाची नाही, आणि तिच्या आधारे कुणावर दंड किंवा आकारणी होणार नाही. आणि प्रत ग्रामपंचायतीत उघडी ठेवा. माहिती फक्त वर गेली तर ती सत्ता होते, गावात राहिली तर गावाच्या उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप अभ्यासू मित्रांचा: ‘पाण्याचा थर सगळ्यांना कळला तर सगळे तिथेच तुटून पडतील आणि तो लवकर आटेल.’ हा आक्षेप सगळ्यात वजनदार. पण आज वेगळं काय चाललंय? आजही तुटूनच पडतोय, फक्त आंधळेपणाने. एका थरावर गावातले साठ बोअर आहेत हे भिंतीवर लिहिलेलं असेल, तर निदान एकसष्टावा घेणारा विचार करेल, आणि ग्रामसभेला बोलायला काही आधार मिळेल. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नको असं ठरवलं आणि पाळलं. तो निर्णय गावाने केला, कारण गावाला आपल्या पाण्याचा हिशेब कळत होता. अटल भूजल योजनेतही गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. त्या ताळेबंदात जमा-खर्च आहे. तिजोरी किती खोल आणि किती पातळ, ते मात्र नाही.

सरकार नियम करेल तेव्हा करेल. या उन्हाळ्यात बोअर घेणाऱ्यांनी स्वतःसाठी एवढं करावं:

१. घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला वही देऊन गाडीजवळ बसवा. वर गट नंबर, तारीख, आणि फोनवरून जागेचं अक्षांश-रेखांश आणि उंची. फोनची उंची थोडी चुकते, जमलं तर नकाशावरूनही पडताळा.

२. दर दहा फुटांचा चुरा छोट्या पिशवीत घ्या, वर फूट लिहा. रंग आणि जात वहीत लिहा: मुरूम, काळा पाषाण, मांजऱ्या, लाल माती. नाव कळलं नाही तर नुसता रंग लिहा, फोटो काढा.

३. पाणी पहिल्यांदा कितीवर लागलं, नंतर कितीवर वाढलं, दर वेळी किती इंच. सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच.

४. केसिंग किती फूट घातलं ते स्वतः मोजा. बिलात किती आहे ते नंतर बघा.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी सोडून पाण्याची स्थिर पातळी मोजा.

६. जुना बोअर असेल तर शक्य झाल्यास कॅमेरा सोडून बघा. हल्ली तालुक्याच्या गावी ही सोय मिळते. कुठल्या फुटावर भिंतीतून पाणी झिरपतंय ते डोळ्यांना दिसतं. तेलवाले ज्या प्रतिमेसाठी मोठे पैसे मोजतात, तिची ही गरिबाघरची आवृत्ती समजा.

७. या सगळ्याची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. घेत नाही म्हणाले तर मला कळवा, बातमी करू.

आणि सरपंचांना एक विनंती. येत्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या: गावच्या शिवारात बोअर मारणाऱ्या गाडीने थरांची एक पानी नोंद दिल्याशिवाय तिला गावात काम नाही. त्याला ना निधी लागतो, ना वरून मंजुरीची वाट बघावी लागते. ठरावाला कायद्याचं बळ किती हा प्रश्न वकील विचारतील. गावाने ठरवलं तर गाडीवाला कागद देतो, कारण त्याला पुढचा बोअरही त्याच गावात मारायचा असतो.

आमच्या तालुक्यातल्या ज्यांच्याकडे जुन्या बोअरची काही नोंद असेल, डायरीत, कॅलेंडरच्या मागे, कुठेही, त्यांनी फोटो काढून पाठवा. नावं गुप्त ठेवतो. पन्नास नोंदी जमल्या की एका भूवैज्ञानिकाला बसवून त्यांचा नकाशा करून घेऊ आणि इथेच टाकू. चुकीच्या निघाल्या तरी चालतील. कोऱ्या कागदापेक्षा त्या बऱ्या.